श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सर्फिंग : कुणी कुठे उतरावे

उत्तरपत्रिका तपासून होत आल्या की कनिष्ठ महाविद्यालयातले माझे तरुण सहकारी आणि जुने विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येऊ लागतात : सुट्टीत श्रीलंकेला जायचे आहे, सर्फिंग शिकायचे आहे, तर नेमके कोणत्या किनाऱ्यावर उतरावे? त्यांच्याजवळ बहुधा कुठून तरी मिळालेली एक यादी असते आणि तीत प्रत्येक गावाच्या नावापुढे ‘नवशिक्यांसाठी’, ‘मध्यम’, ‘तरबेजांसाठी’ असा एकेक शिक्का मारलेला असतो. हे शिक्के सरसकट खोटे नसतात. परंतु तो शिक्का कोणत्या महिन्यातला आहे, किती उंचीची लाट धरून मारलेला आहे आणि त्या लाटेखाली वाळू आहे की प्रवाळ, यातले काहीच त्या यादीत लिहिलेले नसते. आणि ज्यांच्या रोजच्या अनुभवात समुद्र नाही अशा सोलापूरकरांना तर नेमकी तीच माहिती हवी असते. मी भूगोल शिकवतो, सवड मिळेल तेव्हा त्या बेटाच्या किनाऱ्यावर जातो आणि सर्फिंगमध्ये माझी स्वतःची मजल मध्यम पातळीच्या पुढे गेलेली नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकांना माझ्या सल्ल्याचे वजन ठरवता येईल.

माझे मत असे आहे की ठिकाणाचा दर्जा ठरवताना लाटेची उंची दुय्यम मानावी आणि पडल्यावर आपले अंग कशावर आपटणार आहे, हे आधी पाहावे. यामागचे कारण साधे आहे. खोल पाण्यातून आलेली लाट उथळ पाण्यात शिरली की तळामुळे तिचा वेग कमी होतो, तिची उंची वाढू लागते आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की ती फुटते. म्हणजे पुरुषभर उंचीची लाट जेथे फुटते तेथे पाणी फार फार तर डोक्यावरून थोडे वर असते, आणि फुटण्याच्या क्षणी लाटेच्या पुढचे पाणी मागे खेचले जात असल्यामुळे प्रत्यक्षात ते त्याहूनही कमी भासते. तळ हळूहळू चढत आलेला असेल, तर लाट माथ्यावरून फेस सांडत सावकाश फुटते आणि नवशिक्याला उभे राहण्यासाठी उसंत देते. तळ एकदम उभा चढलेला असेल, तर तीच लाट पुढे झुकून कोसळते. वाळूच्या तळावर पडणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जाते, गुडघा खरचटतो आणि तो पुन्हा सर्फिंगच्या फळीवर, म्हणजे बोर्डवर, चढतो. प्रवाळावर पडणाऱ्याची उरलेली सुट्टी मलमपट्टीत जाऊ शकते.

या बेटाला इतक्या चांगल्या लाटा का मिळतात, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यावरच कधी जायचे हे ठरते. शाळेच्या पुस्तकात आपण ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ ही दक्षिण गोलार्धातल्या वाऱ्यांची नावे पाठ केलेली असतात. त्या पट्ट्यातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा उत्तरेकडे निघतात, आणि श्रीलंकेचे दक्षिण टोक असलेल्या दोंद्रा भूशिरापासून थेट अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमिनीचा तुकडाही आडवा येत नाही. दोन लाटांमधले अंतर १५ सेकंदांचे असेल, तर खोल समुद्रात एकेक लाट ताशी सुमारे ८४ किलोमीटर वेगाने धावते. लाटांचा समूह मात्र त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे दिवसाला साधारण हजार किलोमीटर, पुढे सरकतो. पंचेचाळीस अंश दक्षिणेला सोमवारी वादळ उठले असेल, तर त्याची लाट शनिवार-रविवारच्या सुमारास श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचते. शिवाय बेटाभोवतीची भूखंडमंच ही उथळ पट्टी अरुंद असल्याने त्या लाटेची शक्ती वाटेत फारशी खर्च होत नाही. आपल्या कोकणासमोरची तीच पट्टी पुष्कळ रुंद आहे. तेथे मोठ्या लाटा येतात त्या पावसाळ्यात, आणि तेव्हा समुद्रात उतरणे हा शुद्ध वेडेपणा असतो.

आता महिन्यांचा हिशेब. साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत दक्षिण आणि नैऋत्य किनारा चालतो, कारण तेव्हा ईशान्येकडून येणारे वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे याच किनाऱ्यावर समोरून आदळतात, पाणी खवळते आणि शिकणाऱ्याला तेथे काही करता येत नाही. त्या काळात पूर्व किनाऱ्यावरचा अरुगम बे जागा होतो, कारण तेथे तोच वारा जमिनीकडून येतो आणि दक्षिणेची लाट बेटाला वळसा घालून तेथवर पोहोचते. यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दक्षिण गोलार्धातला हिवाळा, म्हणजे आपला जून ते ऑगस्ट, हा मोठ्या लाटांचा काळ आहे. त्यामुळे दक्षिण किनाऱ्याचा हंगाम स्वभावतःच सौम्य लाटांचा असतो आणि पूर्व किनाऱ्याच्या ऐन हंगामात लाटा जोरकस असतात. नवशिक्यासाठी दक्षिण किनारा बरा, असे जे म्हणतात त्याचे निम्मे श्रेय तेथल्या वाळूला आणि निम्मे या वेळापत्रकाला आहे.

सोलापूरच्या सुट्ट्या या वेळापत्रकात नीट बसत नाहीत, ही खरी अडचण आहे. दिवाळी ऑक्टोबरात आली तर दक्षिण किनाऱ्यावर दोन मोसमांमधला पाऊस चालू असतो. दुपारनंतर विजा कडाडतात आणि नद्यांच्या मुखाशी पाणी गढूळ होते. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर बेत चांगला जमतो. जानेवारी-फेब्रुवारी हा उत्तम काळ, पण तेव्हा शाळा-महाविद्यालये चालू असतात आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा सोडून जायला घरचे तयार होत नाहीत. ज्यांची परीक्षा मार्चअखेरीस संपते, त्यांनी एप्रिलचा पहिला पंधरवडा दक्षिण किनाऱ्यासाठी धरावा. मात्र १३ आणि १४ एप्रिलच्या आसपास तेथे सिंहली आणि तमिळ नववर्ष असते, बरीच दुकाने बंद असतात आणि गाड्यांना गर्दी असते, याची तजवीज आधी करावी. मे महिन्यात जाणाऱ्यांनी दक्षिण किनाऱ्याचा विचार सोडून पूर्वेकडे पाहावे.

ज्याने आयुष्यात कधी फळीवर पाय ठेवलेला नाही, त्याने हंगामात डोळे मिटून वेलिगामाला जावे. गाल आणि मातारा या दोन शहरांच्या मध्ये असलेला हा रुंद उपसागर आहे, तळाला वाळू आहे, आणि उपसागराच्या दोन्ही बाजूंच्या भूशिरांमुळे लाटेचा जोर बाहेरच मोडतो. आत येणारी लाट बहुतेक दिवशी कंबर ते छातीइतकी असते आणि फुटल्यानंतर पांढऱ्या फेसाळ पाण्याचा जो लोट किनाऱ्याकडे धावतो, त्याच्यावरच पहिले धडे घ्यायचे असतात. किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या आणि बोर्ड भाड्याने देणाऱ्या टपऱ्या ओळीने उभ्या आहेत. बोर्ड मागताना आठ-नऊ फूट लांबीचा, फोमचा, मऊ पृष्ठभागाचा मागावा. लहान, टोकदार, चकचकीत फायबरचा बोर्ड देखणा दिसला तरी नवशिक्याच्या हातात तो निरुपयोगी असतो आणि शेजाऱ्याच्या डोक्याला धोकादायक असतो. उपसागराच्या पश्चिम अंगाला, किनाऱ्यापासून अगदी जवळ, तापरोबेन नावाचे चिमुकले बेट आणि त्यावर १९२०च्या दशकात एका युरोपीय सरदाराने बांधलेला बंगला आहे. पाण्यात असताना आपण वाहत कुठे गेलो हे पाहण्यासाठी ती चांगली खूण आहे.

वेलिगामाचा दोष एकच, आणि तो लहान नाही : गर्दी. शिकाऊंची एवढी दाटी एका पट्ट्यात असते की लाटेपेक्षा दुसऱ्याच्या सुटलेल्या बोर्डाचे भय अधिक. बोर्डाला जोडलेली पायाची दोरी नीट बांधणे, बोर्ड कधीही लाटेच्या आणि आपल्या अंगाच्या मध्ये आडवा न धरणे आणि मागे कोण आहे हे पाहिल्याशिवाय बोर्ड न सोडणे, हे तीन नियम शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगत नसेल तर शिकवणारा बदलावा. सकाळी लवकर उतरावे. तेव्हा वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखे असते आणि बरीचशी गर्दी अजून न्याहारीवर असते.

सोबत आलेला माझा भाचा पालिकेच्या जलतरण तलावात लहानपणापासून पोहत असे आणि शर्यतीही जिंकत असे, त्यामुळे पाणी ही आपली सवयीची गोष्ट आहे असे त्याने गृहीत धरले होते. वेलिगामाच्या फेसात पहिली काही मिनिटे गेल्यावर तो धापा टाकत माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, इथं धरायला कठडाच नाही की!” त्याचे म्हणणे मला फार मार्मिक वाटले. तलावात पोहणारा माणूस दर पंचवीस किंवा पन्नास मीटरनंतर भिंतीला पाय लावून विसावतो, त्याचे पाणी त्याला कुठे ओढून नेत नाही आणि श्वास कधी घ्यायचा हे त्याचे तोच ठरवतो. समुद्रात या तिन्ही सोयी नसतात. म्हणून तलावातल्या पोहण्याच्या बळावर स्वतःला एक पायरी वर चढवून घेऊ नये. उलट आपल्याकडच्या माणसाने यादीतल्या शिक्क्यापेक्षा एक पायरी खालीच राहावे, असे मी सुचवतो. तयारी मात्र सोलापुरात पुष्कळ करता येते. सर्फिंगच्या वेळेतला साधारण निम्मा वेळ पोटावर झोपून हातांनी पाणी मागे सारण्यात जातो, त्यासाठी खांद्यांत दम असावा लागतो. न थांबता, भिंतीला न टेकता पोहण्याचा सराव दोन-तीन महिने केला तर पहिल्या दिवशी खांदे गळून जात नाहीत. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्याला फळीवर झोपल्या स्थितीतून एका झटक्यात पाय पोटाखाली घेणे इतरांपेक्षा लवकर जमते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ज्यांना श्रीलंकेला जाण्याआधी समुद्राची ओळख करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी सोलापूरची एक सोय आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या कित्येक गाड्या आपल्याच स्थानकावरून जातात. चेन्नईच्या दक्षिणेला, मामल्लपुरमच्या रस्त्यावर, कोवळम हे मच्छीमारांचे गाव आहे आणि तेथे सर्फिंगचे रीतसर शिक्षण मिळते. तेथे चार-दोन दिवस घालवून चेन्नईहूनच कोलंबोचे विमान पकडावे. तो प्रवास साधारण दीड तासाचा आहे. कोलंबोहून दक्षिणेकडे जायला २०११ साली गालपर्यंत सुरू झालेला द्रुतगती मार्ग आहे, पण मला समुद्राला खेटून जाणारी रेल्वे अधिक आवडते. हिक्कडुवा, गाल, अहंगामा, मिडिगामा, वेलिगामा ही पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे ती बहुतेक गावे याच लोहमार्गावर आहेत आणि खिडकीतून लाटांची तपासणी आपसूक होते. डब्यात शेंगांची चटणी आणि कडक भाकरी असेल तर प्रवासात आणखी काही लागत नाही, आणि पाण्यातून दमून बाहेर आल्यावरही हेच खाणे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

फेसाळ पाण्यात उभे राहता येऊ लागले, की पुढची पायरी म्हणजे न फुटलेल्या लाटेचा उतार पकडून तिच्या भिंतीच्या बाजूने आडवे जाणे. येथे एक परिभाषा सांगितल्याशिवाय चालणार नाही. लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला जी लाट क्रमाने फुटत जाते तिला सगळे ‘राइट’ म्हणतात आणि डावीकडे जाणारीला ‘लेफ्ट’. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला हे नेमके उलटे दिसते. डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा राइटवर लाटेकडे तोंड करून जातो आणि लेफ्टवर तिच्याकडे पाठ करून, त्यामुळे आपला कोणता पाय पुढे येतो हे कळल्यावर ठिकाणांची निवड थोडी बदलते.

वेलिगामापासून पश्चिमेला काही किलोमीटरवर असलेले मिडिगामा हे या पायरीचे खरे विद्यालय आहे. तेथे ‘लेझी लेफ्ट’ आणि ‘लेझी राइट’ अशा नावांच्या दोन लाटा आहेत आणि दोन्ही नावाप्रमाणे आळशी, म्हणजे सावकाश फुटणाऱ्या आहेत. दोन्हींच्या खाली खडक आणि प्रवाळ आहे. माझ्या वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद वाटेल, पण येथे पाण्याची खोली बऱ्यापैकी असते आणि तळाचा चढ मवाळ असतो. शिवाय खडकाच्या तळाचा एक मोठा गुण येथे शिकणाऱ्याच्या कामी येतो. वाळू दर आठवड्याला सरकते, त्यामुळे वाळूवरची लाट आज येथे तर उद्या तेथे फुटते. खडक हलत नाही, त्यामुळे लाट दर वेळी जवळजवळ त्याच जागी उठते आणि त्याच दिशेने जाते. कुठे बसायचे, केव्हा हात मारायला लागायचे, केव्हा उठायचे, याचा अभ्यास अशा ठिकाणी जितका होतो तितका वाळूवर होत नाही. पाण्यात पाय खाली सोडून उभे राहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण खडकाच्या फटींमध्ये सी अर्चिन नावाचे काटेरी जीव असतात आणि त्यांचे काटे तळपायात मोडून राहतात. पडताना हातपाय पसरून, सपाट, पाण्याच्या पृष्ठभागाशी राहील असे पडावे. डोके खाली घालून सूर मारणे ही तलावातली सवय येथे पूर्णपणे विसरावी.

लेझी लेफ्टवर आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे पाण्यातली रीत. लाट जेथे सर्वप्रथम फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो बसला आहे, त्याचा त्या लाटेवर हक्क असतो आणि तो उठला की इतरांनी थांबायचे असते. आपल्याकडे एस.टी.च्या दारात जी पद्धत चालते ती येथे चालत नाही. स्थानिक मुले या लाटांवर लहानपणापासून खेळत आली आहेत आणि ती पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलतात, पण लाट हिसकावणाऱ्याची गय करत नाहीत, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

त्याच मिडिगामात, लेझी लेफ्टपासून फार दूर नसलेली, ‘रॅम्स’ नावाची लाट आहे. ही राइट उथळ प्रवाळावर जोराने कोसळते, आतून पोकळ होते आणि ज्यांना पोकळ लाटेच्या पोटातून बाहेर येण्याचा सराव आहे त्यांच्यासाठी ती दक्षिण किनाऱ्यावरच्या उत्तम लाटांपैकी एक आहे. इतरांनी किनाऱ्यावर बसून पाहावे. मीही तेच करतो. एकाच गावाच्या नावापुढे ‘मध्यम’ असा शिक्का मारणे किती फसवे आहे, याचे मिडिगामाहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. शेजारच्या अहंगामाजवळ कबलाना हा लांब वाळूचा किनारा आहे. लाट लहान असलेल्या दिवशी तेथे काठाजवळ शिकाऊही दिसतात, पण त्याच्या समोरच्या खडकावर फुटणारी, दोन्ही बाजूंना उतरत जाणारी लाट चांगलीच दणकट असते आणि दक्षिण किनाऱ्यावर इतरत्र समुद्र झोपलेला असताना ती बऱ्याचदा जागी असते.

वेलिगामाच्या पूर्वेला मिरिसा आहे. देवमासे दाखवणाऱ्या होड्यांमुळे ते गाव पर्यटकांना ठाऊक आहे. सर्फिंगपुरते सांगायचे तर किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला एक आखूड राइट आहे, जी आत येता येता फार उथळ होते, त्यामुळे वेळेवर लाट सोडता येणाऱ्यानेच तिच्या वाटेला जावे. त्याहून पुढे, दिकवेल्लाजवळ, हिरिकेटिया हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा लहानसा उपसागर आहे. एका बाजूच्या खडकांवरून येणारी लेफ्ट मध्यम पातळीच्या माणसाला खूश करते आणि उपसागराच्या आतल्या भागात, वाळूजवळ, नवशिक्यांना खेळता येते. दोन पातळ्यांच्या माणसांचे कुटुंब असेल तर मी वेलिगामापेक्षा येथे राहायला सुचवीन, मात्र जागा एवढी आवळलेली आहे की वीस माणसे जास्त झाली तरी दाटी वाटते.

हिक्कडुवा हे नैऋत्य किनाऱ्यावरचे सर्वांत जुने आणि गजबजलेले सर्फिंगचे गाव. समोरच्या मुख्य खडकावर दोन्हीकडे फुटत जाणारी लाट मध्यम आणि त्यावरच्या लोकांना चालते. गावाच्या दक्षिणेला नारिगामाचा वाळूचा किनारा शिकाऊंसाठी आहे. आणि ‘बेनीज’ नावाची लेफ्ट, रॅम्सप्रमाणेच, उथळ प्रवाळावरची म्हणून तरबेजांखेरीज कुणाची नव्हे. याच भागातल्या पेरालिया येथे २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडी लाटेखाली सापडून हजाराहून अधिक माणसे दगावली. भूकंपाचा धक्का जाणवला किंवा समुद्र अचानक खूप मागे हटला तर बोर्ड, सामान सगळे टाकून उंच जागी जायचे, हे सोबतच्या मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे. उत्तरेकडे कल्पिटिया हे नावही याद्यांमध्ये आढळते, पण ते पतंगासारख्या पालाच्या जोरावर पाण्यावरून धावण्याच्या खेळासाठी, काइटसर्फिंगसाठी, प्रसिद्ध आहे. लाटांच्या शोधात तेथे जाऊ नये.

उरला पूर्व किनारा. अरुगम बे कोलंबोपासून रस्त्याने सुमारे ३२० किलोमीटर आहे आणि अर्धा दिवस सहज जातो. येथल्या बहुतेक सगळ्या लाटा राइट आहेत, कारण दक्षिणेकडून आलेली लाट एकामागून एक आलेल्या भूशिरांना वळसा घालत आत शिरते आणि काठाकाठाने लांबवर फुटत जाते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना हे नंदनवन वाटते; उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला दिवसभर लाटेकडे पाठ करून जावे लागते, हे त्याने आधी समजून घ्यावे. गावाच्या दक्षिण टोकाचा ‘मेन पॉइंट’ ही या किनाऱ्यावरची सर्वांत नावाजलेली लाट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती जोमात असते, तळाला खडक असतो, आणि एकदा पकडली तर पाय थरथरेपर्यंत सोडत नाही. तिची अडचण म्हणजे तेथले ओढते पाणी आणि जगभरातून आलेल्या कसलेल्या लोकांची रांग. मेन पॉइंटच्या आतल्या बाजूला, मच्छीमारांच्या होड्यांच्या अंगाला, ‘बेबी पॉइंट’ आहे, जेथे मोठ्या लाटेचा उरलासुरला जोर सौम्यपणे येतो.

परंतु या किनाऱ्यावर शिकणाऱ्यासाठी माझी पसंती गावाच्या उत्तरेच्या ‘व्हिस्की पॉइंट’ला आहे. तळाला मुख्यतः वाळू आहे, लाट हळू उठते आणि पुरेशी लांब जाते, त्यामुळे एकाच लाटेवर वळण्याचा प्रयत्न दोन-तीनदा करता येतो. दक्षिणेच्या ‘पीनट फार्म’लाही एक लहान लाट आहे जी नवशिक्याला चालते आणि एक मोठी आहे जी त्याच्यासाठी नाही. त्याच बाजूच्या ‘एलिफंट रॉक’ला चालत जावे लागते आणि जवळच्या खाजणात मगरी असतात, तिन्हीसांजेला हत्तीही वावरतात, म्हणून अंधार पडण्याआधी टुकटुकमध्ये, म्हणजे रिक्षात, बसून परतणे शहाणपणाचे. उत्तरेचा ‘पोट्टुविल पॉइंट’ मोठ्या धोंड्यांमधून वाळूच्या काठाने फार लांब जाणारी लाट देतो, परंतु दक्षिणेकडून भरपूर जोर आल्याशिवाय तो चालत नाही. अगदी दक्षिणेला, कुमना राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर, ओकंदा आहे. तेथे मुरुगनाचे जुने देऊळ आहे आणि आषाढाच्या सुमारास कतरगामा या तीर्थक्षेत्राला पायी जाणारे यात्रेकरू येथूनच जंगलात शिरतात. आपल्या जिल्ह्यात पालख्या पंढरपूरकडे निघालेल्या असतात त्याच दिवसांत समुद्राच्या काठाने चाललेली ही दिंडी पाहून मी बोर्ड वाळूत ठेवून बराच वेळ उभा राहिलो होतो. ओकंदाची लाट मध्यम आणि त्यावरच्या लोकांसाठी आहे, आणि अंतरामुळे गर्दी कमी असते.

मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून सुटका करून घेण्यासाठी जाणाऱ्यांना येथे एक फायदा आहे. हंगामाच्या सुरुवातीला अरुगम बेच्या लाटा लहान असतात, जाणत्यांचा लोंढा अजून आलेला नसतो आणि खोल्याही सहज मिळतात. पाणी कोमट असल्याने रबरी पोशाखाची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, मात्र घ्यावा, कारण सोलापूरच्या उन्हाची सवय असलेली कातडीही पाण्यातून परावर्तित होणाऱ्या उन्हाने भाजते. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पोहोचणाऱ्याने पहिले दिवस व्हिस्की पॉइंटला सकाळच्या वेळी घालवावेत, तेथे न फुटलेली लाट दहापैकी पाच वेळा पकडता येऊ लागली की बेबी पॉइंटला यावे, आणि मेन पॉइंटला जायचेच असेल तर लाट कंबरेच्या वर नसलेल्या दिवशी, तेथल्या माहीतगार शिकवणाऱ्याला सोबत घेऊन, रांगेच्या अगदी किनाऱ्याकडच्या टोकाला बसावे.